अतिउंचीवरील संशोधन विमान

पृथ्वी आणि वातावरण यांच्या अभ्यासाची उपकरणे घेऊन साधारण १५ ते २१ किमी. उंचीवर उडणारे विमान. गोव्यात दाबोळीला किंवा मोपला उतरणारी प्रवासी विमाने सहसा १०–१२ किमी.वरूनच येतात. गोव्यासारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशावर मात्र तपस्तब्धी, म्हणजे जिथून स्थितांबर सुरू होते ती सीमा, १६–१७ किमी.वर असते. पावसाळी ढगांचा माथा पाहायचा तर तेवढे चढावेच लागते.

पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून सोडलेला हवामानखात्याचा फुगाही तिथवर पोचतो. जुलैत तो आधी पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर घाटाकडे सरकतो आणि वर पूर्वेकडून येणाऱ्या झोतवाऱ्यात (अतिउंचीवरील वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यात) सापडला की उलटा समुद्राकडे वळतो. पण तो वारा नेईल तिकडे जाणार. विमान ठरवलेली वाट धरते, हवेचे नमुने घेते आणि उपकरणे सुखरूप परत आणते.

यांत नासाचे ईआर-२ सर्वांत नावाजलेले. त्याचे मूळ म्हणजे यू-२ हे हेरगिरीचे विमान. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने ते पाडले, तेव्हा अमेरिकेने ‘हवामान संशोधनाचे विमान’ अशी थाप मारली होती. पुढे ती अशी खरी झाली. ईआर-२ नासाकडे १९८१ मध्ये आले. विमानात एकटाच वैमानिक असतो, तोही अंतराळवीरासारख्या दाबयुक्त पोशाखात, कारण १९ किमी.च्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की शरीराच्या उष्णतेलाच पाणी उकळते. जेवण नळीतून. चाके सायकलसारखी एकामागे एक असल्याने उतरताना मागून मोटार धावते आणि तिच्यातला दुसरा वैमानिक रेडिओवर उरलेली उंची सांगत राहतो.

१९८७ मध्ये चिलीतील पुंता अरेनास येथून या विमानाने अंटार्क्टिकावरील ओझोन विवरात शिरून मोजमापे घेतली. जिथे क्लोरीन मोनॉक्साइड (क्लोरीन ओझोनला फोडतो तेव्हा बनणारे संयुग) वाढला होता, तिथेच ओझोन घटलेला आढळला. मानवनिर्मित क्लोरीनवरचा आरोप त्यामुळे पक्का झाला.

आपल्या मोसमी पावसाशी थेट नाते आहे ते रशियन एम-५५ जिओफिजिका विमानाचे. २०१७ च्या पावसाळ्यात काठमांडूहून उडालेल्या या विमानाने मोसमी ढगांच्या माथ्यावरच्या हवेत अमोनियम नायट्रेटचे कण टिपले. शेतातून, गोठ्यातून निघालेला अमोनिया पावसाळी ढगांनी तिथवर उचलून नेला होता.