मॉर्मन शंकेचा इतिहास पॉडकास्टहून जुना आहे

मॉर्मन म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. त्यांच्यातल्याच जॉन डेहलिन यांनी सप्टेंबर २००५ मध्ये ‘मॉर्मन स्टोरीज’ हा पॉडकास्ट सुरू केला, तेव्हा ॲपलने आयट्यून्सवर पॉडकास्टची सोय आणून तीन महिनेही झाले नव्हते. आज मॉर्मन श्रद्धा, शंका आणि समाजातली जागा यांवर तासन् तास बोलणारे कितीतरी कार्यक्रम आहेत. चर्च सोडलेले अनेक जण आपल्या सुटकेचं श्रेय त्यांना देतात, चर्चमधले अनेक जण घरं फोडल्याचा दोष त्यांच्यावर ठेवतात. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. या कार्यक्रमांत जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं त्याआधी कित्येक वर्षं छापलं जात होतं. फक्त ते वाचणारे मूठभर होते, आणि वाचलेलं कुणापाशी बोलण्याची सोय नव्हती.

हे का, ते समजायला हा समाज कसा घडला ते पाहावं लागतं. २४ वर्षांच्या जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला प्राचीन ग्रंथ आपल्याला देवदूताकडून मिळाला आणि दैवी साहाय्याने आपण त्याचं भाषांतर केलं, असं त्याचं सांगणं होतं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घातल्या. पुढे ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. छळ, स्थलांतर, १८९० पर्यंत उघडपणे चाललेली बहुपत्नीत्वाची चाल यांतून एक पंथ नव्हे, जवळजवळ एक जमातच तयार झाली. आपले पणजोबा-खापरपणजोबा त्या वाटेने चालत आले, हे युटातल्या घराघरांत अभिमानाने सांगितलं जातं.

आपण कुठल्या ‘वॉर्ड’मध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, जायचं हे राहत्या पत्त्यावरून ठरतं. तिथला बिशप बिनपगारी असतो, एरवी तो दंतवैद्य असेल किंवा शाळामास्तर. बाळंतिणीच्या घरी डबे पोचतात, घर बदलताना सामान उचलायला वॉर्डमधली माणसं हजर होतात. पण मंदिर रविवारच्या प्रार्थनागृहाहून वेगळं; तिथे पाऊल टाकायला बिशपला मुलाखत देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि त्यात श्रद्धेविषयी थेट प्रश्न असतात. परवाना नसेल, तर पोटच्या मुलीचं मंदिरातलं लग्नही बघता येत नाही. आईवडील बाहेर थांबतात. आधी सर्वांसमोर नागरी विवाह करावा, तर अमेरिकेत मे २०१९ पर्यंत मंदिरविधीसाठी वर्षभर थांबावं लागे. शंका बोलून दाखवण्याची किंमत इथे कळते. ग्रंथाच्या खरेपणाचा वाद विद्वानांनी घालावा, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो लेकीच्या लग्नाच्या विचाराने.

शिवाय हा धर्म आवाजावर चालतो. साधारणपणे महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्याने उठून माइकपाशी जायचं आणि साक्ष द्यायची: हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. लहान मुलंही जातात, आई किंवा वडील कानात शब्द सांगतात आणि मूल ते माइकवर म्हणतं. चर्चच्या अधिवेशनाची भाषणं १९२४ पासून रेडिओवर आहेत. टॅबरनॅकल गायकवृंदाचा साप्ताहिक कार्यक्रम १९२९ पासून चालू आहे. ऐकण्याची सवय अशी पिढ्यान् पिढ्यांची. त्या माइकवर एका गोष्टीला मात्र जागा नव्हती: मला नक्की माहीत नाही, असं म्हणण्याला.

ती जागा आधी कागदावर मिळाली. १९६६ मध्ये स्टॅनफर्डमधल्या यूजीन इंग्लंड यांच्यासारख्या तरुण मॉर्मन अभ्यासकांनी ‘डायलॉग’ हे त्रैमासिक काढलं. १९७२ मध्ये चर्चने लेनर्ड अरिंग्टन यांना अधिकृत इतिहासकार नेमलं. त्या पदावर आलेले ते पहिलेच प्रशिक्षित व्यावसायिक इतिहासकार. दप्तरखाना अभ्यासकांना खुला झाला आणि सुखद-असुखद सगळंच बाहेर येऊ लागलं. दहा वर्षांत ते पर्व आटोपलं. बोस्टन परिसरातल्या स्त्रियांनी १९७४ मध्ये ‘एक्सपोनंट टू’ सुरू केलं, त्याच सुमारास ‘सनस्टोन’ हे नियतकालिक निघालं. सनस्टोनने १९७९ पासून दर वर्षी परिसंवाद भरवला आणि त्यातल्या सत्रांचं ध्वनिमुद्रण करून कॅसेट विकल्या. पॉडकास्टचा खरा पूर्वज मला या कॅसेटमध्ये दिसतो. याच सनस्टोनचे एके काळचे संपादक डॅन वॉदरस्पून पुढे ‘मॉर्मन मॅटर्स’ हा पॉडकास्ट चालवू लागले, ही साखळी सरळच आहे.

मग १९९३ आलं. मे महिन्यात ज्येष्ठ नेते बॉइड पॅकर यांनी समलिंगी चळवळ, स्त्रीवाद आणि तथाकथित विद्वान या तिघांपासून चर्चला धोका असल्याचं भाषण केलं. सप्टेंबरमध्ये सहा जणांवर कारवाई झाली: पाच जण बहिष्कृत, एकीचे हक्क काढून घेतले. या पाचांत लॅव्हिना फिल्डिंग अँडरसन होत्या. विचारवंत सदस्यांवर अधिकाऱ्यांनी आणलेल्या दबावाच्या घटना त्यांनी ‘डायलॉग’मध्ये तारीखवार मांडल्या होत्या, हा त्यांचा गुन्हा. बहिष्कारानंतरही त्या आपल्या वॉर्डमध्ये नेमाने जात राहिल्या. रविवारच्या पवित्र विधीतलं पाव आणि पाण्याचं तबक समोर यायचं, ते घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अडीच दशकांनी पुन्हा बाप्तिस्मा मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, स्थानिक अधिकारी अनुकूलही होते. २०१९ मध्ये वरून नकार आला. २०२३ मध्ये त्या बहिष्कृत म्हणूनच वारल्या. श्रद्धा संपली की माणूस निघून जातो, असं सोपं समीकरण मांडणाऱ्याने लॅव्हिनाबाईंचं आयुष्य जरूर वाचावं.

त्या सप्टेंबरची दहशत बरीच वर्षं टिकली. दिवाणखान्यातल्या टेबलावर ‘डायलॉग’चा अंक दिसला तरी पाहुण्यांच्या भुवया उंचावण्याची भीती. हेडफोनमधलं मात्र कुणाला दिसत नाही. डेहलिन यांची पद्धत साधी होती: माणसाला बोलावायचं आणि जन्मापासून विचारत यायचं. आठव्या वर्षीचा बाप्तिस्मा, मिशनवरची, म्हणजे धर्मप्रचाराची, वर्षं, मंदिरातलं लग्न, आणि मग तो क्षण, जेव्हा काहीतरी वाचनात आलं. एकेक मुलाखत कित्येक तासांची. साक्ष देण्याचाच हा प्रकार, फक्त शेवट आधी ठरलेला नाही. म्हणूनच तो मॉर्मन कानांना परका वाटला नाही, असं माझं मत आहे.

स्वीडनचे हान्स मॅटसन युरोपातले चर्चचे वरिष्ठ पदाधिकारी होते. सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता तेच अडकले. २०१० मध्ये स्टॉकहोममध्ये चर्चचे इतिहासकार येऊन शंकाकुलांशी बोलले, समाधान झालं नाही. २०१३ च्या जुलैत मॅटसन आधी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आणि मग डेहलिन यांच्या माइकवर मोकळेपणी बोलले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून चर्चने आपल्या संकेतस्थळावर अवघड विषयांवरचे निबंध टाकायला सुरुवात केली. १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य का नाकारलं, हा त्यांतला एक विषय. जोसेफ स्मिथच्या बायकांची संख्या ३० ते ४० असावी, हा अंदाजही तिथे आला. २०१५ मध्ये तर ज्या दगडाकडे टोपीत तोंड घालून पाहत स्मिथने भाषांतर सांगितलं, त्या तपकिरी, अंड्याएवढ्या दगडाचे फोटो चर्चने स्वतः छापले. वर्षानुवर्षं रविवारच्या वर्गात सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचणाऱ्या स्मिथचं चित्र पाहिलेल्यांना तो दगड पचवणं जड गेलं. फसवणूक इतिहासाने केली नव्हती, लपवण्याने केली होती, हे मी ठामपणे म्हणेन.

बोलणाऱ्यांना शिक्षा होतच राहिली. स्त्रियांना पौरोहित्य मिळावं म्हणून चळवळ करणाऱ्या केट केली जून २०१४ मध्ये बहिष्कृत झाल्या, डेहलिन फेब्रुवारी २०१५ मध्ये. डेहलिन यांच्या कार्यक्रमाचा कल पुढे चर्चमधून बाहेर पडलेल्यांकडे झुकत गेला. न्यूझीलंडच्या माओरी अभ्यासक जीना कोल्विन यांच्या ‘अ थॉटफुल फेथ’ने युटाबाहेरच्या मॉर्मनांचे प्रश्न पुढे आणले.

मला मात्र सर्वांत मोलाचे वाटतात ते चर्च न सोडता राहणाऱ्यांचे कार्यक्रम. सुझन हिंकली आणि सिंथिया विनवर्ड या दोघींनी २०२० मध्ये ‘ॲट लास्ट शी सेड इट’ सुरू केला. दोघी चर्चमध्ये राहून, आपल्या खऱ्या नावाने बोलतात. स्त्रीला पौरोहित्य नाही, त्यामुळे वॉर्डमधले निर्णय पुरुष घेतात, हे त्या न आरडता सांगतात, आणि प्रार्थनेबद्दलही तेवढ्याच मनापासून बोलतात. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये बहिष्काराची पत्रं ज्या तऱ्हेच्या बोलण्यासाठी निघाली, त्याच तऱ्हेचं बोलणं इथे आठवड्यामागून आठवडे चालू आहे.