आतड्यावर चढणारी चरबी

क्रोन्स म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा आजार. त्याच्या रुग्णाचं पोट ऑपरेशनसाठी उघडलं की आतड्याचा कुठला भाग आजारी आहे, हे सर्जनला बहुधा बाहेरूनच दिसतं. निरोगी लहान आतड्याची चरबी एका कडेलाच थांबते. आजारी भागात ती पुढे सरकून आतड्याचा निम्म्याहून जास्त घेर झाकते. डॉक्टर तिला क्रीपिंग फॅट म्हणतात. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, आतड्यात आतून बघते, त्यामुळे तिला ही चरबी दिसतच नाही.

चरबी येते मेसेंटरीतून. आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा हा पडदा. रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या आणि नसा त्यातूनच आतड्यात जातात. अल्सरेटिव्ह कोलायटिस या क्रोन्सच्या भाऊबंद आजारात दाह मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो आणि चरबी अशी चढत नाही. क्रोन्समध्ये मात्र दाह भिंतीच्या आरपार जातो.

2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधल्या संशोधकांना या चरबीत जिवंत जिवाणू सापडले, विशेषतः क्लोस्ट्रिडियम इनोक्युअम. गळक्या टाकीला बाहेरून लिंपावं, तशी चरबी भिंतीतून निसटलेले जिवाणू अडवायला येत असावी, असा त्यांचा कयास. पण हाच जिवाणू चरबीबरोबर तंतुमय ऊतीही वाढवतो, आणि तशा ऊतीनेच आतडं अरुंद होतं. म्हणजे राखणदारच घराला त्रास देणारा!

मग ऑपरेशनमध्ये आजारी आतड्याबरोबर मेसेंटरीही काढावी का? 2018 मध्ये आयर्लंडच्या कॅल्विन कॉफी यांच्या गटाने तसं करून पाहिलं. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण 40 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आलं. आकडा डोळे दिपवणारा, पण रुग्ण मोजकेच आणि तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी. मला तेव्हाही तो पचला नव्हता. हाच प्रश्न तपासणाऱ्या 2024 च्या स्पायसी या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी झाली. सहा महिन्यांनी आजार परतल्याच्या खुणा मेसेंटरी काढलेल्यांत 42 टक्के, राखलेल्यांत 43 टक्के. निदान या मुदतीत तरी फरक शून्य.

आपल्याकडे चरबीचा उपयोग वेगळाच आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इतके सारखे दिसतात की बायोप्सीनेही कधीकधी उलगडा होत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर पोटातली चरबी आणि कातडीखालची चरबी यांचं गुणोत्तर काढलं. ते क्रोन्समध्ये जास्त भरलं. एकट्या या मोजमापावर निदान ठरत नाही, पण चुकीचं निदान महागात पडतं: क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो भडकतो.