पंपाचा एक पफ आणि त्यामागची शंभर वर्षं

दम्याचा पंप ओढला की पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होते, आणि वर हात थरथरतात ते वेगळंच, माझ्या तर बशीत चहा सांडतो. त्यातल्या साल्ब्युटामॉलला पेशीच्या आत शिरावं लागत नाही, ते बाहेरच बीटा-२ रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या पडद्यावरच्या अ‍ॅड्रेनलिन हार्मोन ओळखणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं आणि निरोप आत पोचतो. हाच रिसेप्टर हाताच्या स्नायूंतपण असतो, म्हणून ती थरथर.

आता हे सरळ वाटतं, पण रिसेप्टर म्हणून खरंच काही असतं का यावरच लोकांचा कित्येक वर्षं विश्वास नव्हता. केंब्रिजच्या लँग्लेने १९०५ मध्ये कल्पना मांडली, पुढे १९४८ ला आल्क्विस्टने अ‍ॅड्रेनलिनच्या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार सांगितले तर पहिल्या जर्नलने पेपर परतच पाठवला.

मग आला सदरलँड नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. त्याने लिव्हरच्या पेशी फोडल्या, त्यांच्या पडद्याच्या तुकड्यांवर अ‍ॅड्रेनलिन घातलं, तर एक बारीक रेणू तयार झाला जो उकळला तरी टिकतो आणि आतलं काम चालू करतो. सायक्लिक एएमपी तो हाच, १९७१ चं नोबेल.

पण बाहेरचा रिसेप्टर आणि आतलं सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम यांच्यामधे कोण? मला सगळ्यात भारी वाटतो तो हा भाग. रॉडबेल नावाचा शास्त्रज्ञ एटीपी (पेशीतलं इंधन, ज्यातून सायक्लिक एएमपी बनतं) वापरून प्रयोग करत होता आणि ते विकतचं एटीपी भेसळीचं निघालं, त्यात थोडं जीटीपी (एटीपीसारखाच दुसरा रेणू) होतं, आणि खरी करामत त्या जीटीपीचीच होती! म्हणजे मधे जीटीपी धरणारं कुणीतरी आहे. गिलमनच्या लॅबने ते प्रोटीन शोधून शुद्ध करून दाखवलं, जी-प्रोटीन. दोघांना १९९४ चं नोबेल.

इकडे लेफकोविट्झ किरणोत्सारी आयोडीन लावलेली हार्मोन्स घेऊन रिसेप्टरच्या मागे लागलेला. १९८६ ला त्याच्या लॅबमधे बीटा-२ चं जीन हाती आलं आणि बघतात तर काय, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर जाणारी साखळी, अगदी डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनसारखी. उजेड ओळखणारा आणि अ‍ॅड्रेनलिन ओळखणारा एकाच घराण्यातले! आज माणसात या घराण्यातले आठशेच्या आसपास रिसेप्टर माहीत आहेत, निम्मे तर वास ओळखणारेच.

त्याच लॅबमधला कोबिल्का पुढे वीसेक वर्षं या रिसेप्टरचे क्रिस्टल बनवत बसला, एक्स-रेने त्याचा आकार दिसावा म्हणून. २०११ ला रिसेप्टर आणि जी-प्रोटीन एकमेकांना धरलेले असे एकत्र दिसले, तेही लामा या प्राण्याच्या अँटिबॉडीचा तुकडा लावून जोडी आवळून धरली तेव्हा, एरवी ती सुटून जायची.