दोष टेपचा की ड्राइव्हचा?

संगणकाचा डेटा चुंबकीय फितींवर साठवणाऱ्या टेप लायब्ररीच्या कपाटात माणसाचा हात क्वचितच शिरतो. रोबो बारकोड वाचून खणातून कार्ट्रिज, म्हणजे फितीची डबी, काढतो, ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात, म्हणजे ड्राइव्हमध्ये, सरकवतो आणि काम झालं की जागेवर नेऊन ठेवतो. त्यामुळे ड्राइव्हची खबरबात ड्राइव्हनेच द्यावी लागते. रिकामा, तयार, वाचतोय, लिहितोय, गुंडाळतोय, या स्क्रीनवर दिसणाऱ्या अवस्था ढोबळच असतात. ‘लिहितोय’ म्हणणारा ड्राइव्ह आतून धापा टाकत असू शकतो.

एलटीओ-९ या प्रकारच्या कार्ट्रिजमधली फीत १,०३५ मीटर लांब, १२.६५ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ५.२ मायक्रॉन जाड असते. तिच्यावर डेटाच्या ८,९६० समांतर रेघा, म्हणजे ट्रॅक. ड्राइव्हचं वाचणारं-लिहिणारं हेड एका वेळी ३२ ट्रॅक लिहितं, म्हणजे कार्ट्रिज पूर्ण भरायला फीत २८० वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे धावते. इतक्या दाटीत हेडला चिकटलेला बारीकसा कणही नडतो. पण बिघाड लगेच दिसत नाही. ड्राइव्ह लिहिल्या लिहिल्या तोच मजकूर वाचून पाहतो आणि चुकलेला भाग पुढे पुन्हा लिहितो. डेटा सुखरूप, तक्रार शून्य! वाढत जातो तो फक्त पुनर्लेखनाचा आकडा. माझ्या मते नजर ठेवायची ती आधी याच आकड्यावर.

पाणी डोक्यावरून जायला लागलं की ड्राइव्ह ‘टेपअलर्ट’ या इशारा-पद्धतीचे झेंडे वर करतो. असे एकूण ६४ झेंडे ठरलेले आहेत. २० क्रमांकाचा म्हणजे ‘आत्ता साफ करा’, २१ क्रमांकाचा म्हणजे ‘नेहमीच्या सफाईची वेळ झाली’. तशी सोय चालू ठेवली असेल तर लायब्ररी स्वतःच क्लीनिंग कार्ट्रिज लावते.

सफाईनंतरही चुका येतच राहिल्या, तर खरी पंचाईत. दोष कोणाचा? एकाच ड्राइव्हमध्ये निरनिराळ्या टेप अडखळत असतील तर ड्राइव्ह संशयित. एकच टेप निरनिराळ्या ड्राइव्हमध्ये अडखळत असेल तर टेप. यासाठी कोणती टेप कोणत्या ड्राइव्हमध्ये गेली, या जोड्यांचा इतिहास हवा, आणि तो कार्ट्रिजच्याच पोटात असतो. आतल्या छोट्या चिपमध्ये शेवटच्या चार ड्राइव्हचे अनुक्रमांक नोंदलेले असतात.

कधी दोघेही निर्दोष निघतात. सर्व्हरकडून डेटा फारच संथ आला तर ड्राइव्हला थांबून, फीत मागे घेऊन, पुन्हा वेग धरावा लागतो. बुटांना पॉलिश करताना फडकं मागेपुढे फिरतं, तशी फीत हेडवर घासत राहते आणि झीज वाढते. अशा वेळी ड्राइव्ह बदलून काही साधत नाही. डेटा पाठवण्याचा वेग तपासावा लागतो.

संशय ड्राइव्हवर असेल तर त्याला लगेच ऑफलाइन करावं. खराब हेड चांगल्या फितीला इजा करू शकतं, आणि तीच फीत दुसऱ्या ड्राइव्हमध्ये गेली की सोबत कचराही नेते.