स्वतःच्या गतीने नेमबाजी : आमच्या टप्प्यांच्या अभ्यासक्रमाची माहिती

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "कोर्स किती दिवसांचा?" आमच्या अभ्यासक्रमाला दिवस नाहीत, टप्पे आहेत. एका टप्प्याचे ठरलेले गुण ठरलेल्या कार्डांवर, म्हणजे नेम धरायच्या कागदी लक्ष्यांवर, पडले की तुम्ही पुढच्या टप्प्यात. ते महिन्यात पडोत की वर्षात. बॅच नाही, परीक्षेची तारीख नाही, आणि शुल्कही टप्प्याला एकदाच.

रत्नागिरीत रेंज चालवायची तर आम्हाला हीच पद्धत योग्य वाटते. मार्च ते मे बागायतदाराला आंब्यातून डोकं वर काढायला फुरसत नसते. मिरकरवाड्याची खलाशी मंडळी मोकळी होतात ती जून-जुलैत, मासेमारी बंद असते तेव्हा. शिमगा आणि गणपतीत तर कुणी फिरकतच नाही, आणि ते बरोबरच आहे. तारखांना बांधलेला कोर्स अशा वेळी मध्येच तुटतो आणि ज्याचा तुटला तो संकोचाने परत येत नाही. टप्पा मात्र सोडला तिथेच राहतो. तुमची कार्डं फाईलला लावलेली असतात. चार महिन्यांनी आलात तरी पुढचं कार्ड लावून सुरुवात करायची.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेत तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनचा असाच अभ्यासक्रम आहे : प्रो-मार्क्समन, मार्क्समन, मार्क्समन फर्स्ट क्लास, शार्पशूटर, एक्स्पर्ट आणि शेवटी डिस्टिंग्विश्ड एक्स्पर्ट. खालच्या पायऱ्यांवर आपले गुण आपणच नोंदवायचे, शेवटच्या पायरीला साक्षीदार लागतो. आम्ही तत्त्व तेच ठेवलं आहे, टप्पे आणि गुण आमचे आहेत.

आधी कार्ड ओळखा

१० मीटर एअर रायफलच्या कार्डावर सगळ्यात बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिमीचं असतं, काळा भाग ३०.५ मिमीचा आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा. हे ऐकून नवखा माणूस दचकतो. पण छर्रा ४.५ मिमीचा असतो आणि छिद्राची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलीमीटरच्या आत आला की दहा. अवघड आहे, पण नीट सराव केलेल्या माणसाच्या आवाक्यातलं आहे.

टप्पे असे आहेत

पहिल्या टप्प्यात रायफल टेबलावर टेकवून पाच छर्रे मारायचे. गुण मोजतच नाही. पाचही छिद्रं काळ्या भागाएवढ्या जागेत बसली पाहिजेत, मग ती कार्डावर कुठेही असोत. अशी तीन कार्डं झाली की टप्पा पूर्ण. दुसरा टप्पाही टेकवूनच : दहा छर्‍यांचं कार्ड, १०० पैकी ८०, अशी चार कार्डं. तिसऱ्यापासून उभं राहून. तिथे ६० गुणांची सहा कार्डं, चौथ्यात ७५ ची सहा, पाचव्यात ८५ ची आठ. शेवटच्या टप्प्यात स्पर्धेसारखे ६० छर्रे एका बैठकीत, कागदी कार्डांसाठी असलेल्या दीड तासाच्या वेळेत, आमच्या माणसासमोर. पात्रता ६०० पैकी ५४०.

शेवटचा टप्पा सोडला तर कार्डं एकाच दिवशी किंवा लागोपाठ पडायची गरज नाही. पण एखादं कार्ड नशिबाने लागू शकतं, सहा लागत नाहीत. म्हणून आम्ही संख्येवर अडून बसतो. कार्डावर तारीख आणि सही तुमची. बिघडलेली कार्डंही फाईलला लावा अशी आमची विनंती आहे, कारण सुधारणा कशी करायची ते त्याच कार्डांतून कळतं. पिस्तुलाच्या टप्प्यांचे गुण वेगळे आहेत, तो कागद काउंटरवर मिळेल.

कार्ड वाचायला शिका

आमच्याकडून एकच गोष्ट शिकून जायची असेल तर ही शिका. गुण मोजायच्या आधी छिद्रांचा आकार बघा. पाचही छिद्रं एकमेकांत शिरलेली, पण सगळी खाली डावीकडे सातच्या रिंगमध्ये, असं कार्ड आलं तर आनंद माना. गुण ३५ च आहेत, पण साइटचे, म्हणजे ज्यातून नेम धरतो त्या भागाचे, क्लिक फिरवले की तोच ग्रुप, म्हणजे छिद्रांचा घोळका, मध्यावर येतो. विखुरलेल्या छिद्रांतून पडलेले ४० गुण आम्ही याच्यापेक्षा कमी मानतो.

ग्रुप उभा लांबलेला असेल तर बहुधा श्वासाचा घोटाळा असतो. अर्धा श्वास सोडून थांबा. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या आणि पुन्हा सुरू करा. ग्रुप आडवा पसरला असेल तर पायांकडे बघा. रायफल खांद्याला लावून डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या, डोळे उघडा. साइट कार्डावरून सरकलेली दिसली तर हातांनी ओढून आणू नका, मागचा पाय थोडा हलवा. हातांनी ओढलेली रायफल ट्रिगर दाबताना पुन्हा आपल्या जागी जाते.

पिस्तुलात उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे खाली डावीकडे जात असतील तर ट्रिगरला हिसका बसतो आहे. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. आमचा प्रशिक्षक पिस्तूल कधी भरून, कधी रिकामं हातात देतो आणि कुठलं ते सांगत नाही. रिकाम्या पिस्तुलाची नळी ट्रिगर दाबताना खाली डुचकलेली स्वतःच्या डोळ्यांना दिसते, तेव्हा पटतं.

पहिली सात छिद्रं जवळजवळ आणि शेवटची तीन भलतीकडे, हे दमल्याचं लक्षण. पाच छर्‍यांनंतर रायफल स्टँडवर ठेवून दोन मिनिटं थांबा. वेळेची सक्ती नाही, तर ती सवलत वापरा.

घरचा सराव

नेमबाजीचा बराचसा सराव छर्‍याविना होतो. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून पवित्रा धरणं आणि साइट स्थिर ठेवणं रोज पंधरा मिनिटं केलंत तर कार्डावर फरक दिसतो. मात्र घरी नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन असेल तर ती रिकामी झाडू नका. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेचा अटकाव मिळत नाही, तो टोकावर आपटतो आणि बंदूक खराब होते.

पावसाळा आणि खारी हवा

दमट हवेत कार्डं फुगतात, छिद्राची कड फाटकी येते आणि गुणांवरून वाद होतात. कार्डं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सराव संपला की धातूच्या भागांवरून तेलाचा फडका फिरवा, कारण घाम आणि समुद्राची हवा मिळून एका रात्रीत गंजाचे ठिपके आणतात. रायफल फोमच्या पेटीत दिवसेंदिवस बंद ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदतही बघत जा.

लाइट गेली तर बोट ट्रिगरवरून काढा, नळी कार्डाकडेच ठेवा आणि सूचना येईपर्यंत जागेवर उभे राहा. हा नियम सर्वांना, आम्हालाही. छर्रे शिशाचे असतात. रेंजवर काही खाऊ नका, निघताना साबणाने हात धुवा.

बंदुकीविषयी स्पष्टच

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली साधारण ८ जूलच्या असतात. पण परवाना नाही म्हणून ती रानात न्यायची मोकळीक मिळत नाही. हरियाल, धनेश अशा पक्ष्यांवर छर्रा मारणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. बागेतल्या माकडांसाठी बंदूक शिकायला येणाऱ्यांना आम्ही नम्रपणे परत पाठवतो.

पुढे जायचं असेल तर

शेवटच्या टप्प्यानंतर कुणाला स्पर्धेत उतरायचं असेल तर राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा, तिथेही किमान पात्रता गुणांची अट असते. मावळंकर स्पर्धेचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या, संगमेश्वरजवळच्या मावळंगे गावचे. १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. आणि घाटापलीकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, हे सांगायला आम्हाला फार आवडतं.

पहिल्या दिवशी येताना

सपाट तळाचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा असेल तर तो आणि ओळखपत्र आणा. मुलांसोबत आई-वडिलांपैकी एकाने थांबायचं आहे. स्वतःची बंदूक पहिल्या दिवशी आणू नका, रेंजची वापरा. पहिलं कार्ड आमच्याकडून, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी रेंज बंद असते.