ऊर्जा प्रकल्पालगतच्या संरक्षित क्षेत्रांचे नकाशांकन (मराठवाडा)

पवनचक्क्या, सौर प्रकल्प, औष्णिक केंद्र, गॅसवाहिनी किंवा उच्चदाबाची पारेषण वाहिनी उभारण्याआधी आसपासची अभयारण्ये, संवर्धन राखीव क्षेत्रे, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे, राखीव वने आणि पाणथळ जागा एका नकाशावर आणून प्रकल्पापासूनचे त्यांचे अंतर मोजण्याचे काम. परवानगीच्या अर्जाला हा नकाशा जोडावा लागतो, पण त्याचा खरा उपयोग त्याआधीच होतो. मनोरा कुठे उभा करायचा, वाहिनी कुठून वळवायची, हे कागदावर असेपर्यंत बदलता येते. जमिनीचे करार झाले आणि पाया खणला, की हाच नकाशा नुसता सोपस्कार उरतो.

मराठवाड्यातील क्षेत्रे

विभागात संरक्षित क्षेत्रे मोजकीच आहेत, आणि बरीचशी जिल्ह्याच्या कडेला किंवा दोन जिल्ह्यांत वाटलेली आहेत. जायकवाडी पक्षी अभयारण्य (१९८६, ३४१.०५ चौ. किमी.) नाथसागराभोवती, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाभोवती, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पैठण आणि गंगापूर तालुके अलीकडे, शेवगाव आणि नेवासा पलीकडे. गौताळा औट्रमघाट (१९८६, २६०.६१ चौ. किमी.) कन्नड आणि चाळीसगावच्या मधल्या डोंगररांगेत आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य (१९९४, २९.९० चौ. किमी.) आणि धाराशिव जिल्ह्यातले येडशी रामलिंग घाट (१९९७, २२.३७ चौ. किमी.) आकाराने लहान आहेत, पण पवनऊर्जेचा जोर आहे तो याच बालाघाटच्या पठारावर. पैनगंगा अभयारण्य (सुमारे ३२५ चौ. किमी.) यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे.

नकाशा करताना विभागाची सीमा विसरावी लागते. बुलढाण्यातले लोणार (३.६५ चौ. किमी.; २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), सोलापूर-अहिल्यानगरमधले माळढोक अभयारण्य, तेलंगणातला कवल व्याघ्र प्रकल्प ही सगळी मराठवाड्याबाहेर आहेत, पण मराठवाड्यातल्या प्रकल्पांच्या विचारात धरावी लागतात. जिल्ह्याच्या हद्दीवर कापलेली माहिती वापरली की शेजारचे अभयारण्य नकाशावर उमटतच नाही. पाहणारा मोकळी जागा पाहतो आणि तिथे काही नाही असे धरून चालतो. या कामातली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि टाळायला सर्वांत सोपीही. आधी प्रकल्पाभोवतीचा पट्टा काढावा, मग त्या पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक जिल्ह्याची आणि राज्याची माहिती मागवावी.

कोणते अंतर कशासाठी

अभयारण्य जाहीर होते ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली: कलम १८ ची प्राथमिक आणि २६-अ ची अंतिम अधिसूचना. त्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली वेगळ्या अधिसूचनेने ठरते. जायकवाडीची अशी अधिसूचना १२ जुलै २०१७ ची आहे. दोन्ही हद्दी वेगवेगळ्या स्तरांवर ठेवाव्यात, कारण त्यांचे कायदे वेगळे आणि परिणामही वेगळे. संवेदनशील क्षेत्राची रुंदी सगळीकडे सारखी नसते. काही बाजूला ती शून्यावरही येते. अभयारण्याभोवती सरसकट पट्टा ओढून त्याला संवेदनशील क्षेत्र म्हणणे चुकीचे आहे.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेतल्या सर्वसाधारण अटीत अंतर ५ किमी. आहे. २०१४ च्या दुरुस्तीआधी ते १० किमी. होते, त्यामुळे जुने अहवाल नमुन्याला घेणारे अजूनही १० लिहितात. संवेदनशील क्षेत्र अंतिमतः जाहीर झाले नसेल, तर पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पासाठी १० किमी.पर्यंत राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीचा विचार घ्यावा लागतो. त्याच अधिसूचनेच्या नमुना-१ मध्ये १५ किमी.पर्यंतच्या संवेदनशील जागांचे हवाई अंतर विचारलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी सांगितलेली किमान १ किमी.ची अट २६ एप्रिल २०२३ च्या निकालात सैल केली. व्यवहारात नकाशावर १, ५, १० आणि १५ किमी.च्या चार रेषा असाव्यात आणि प्रत्येक रेषा कोणत्या नियमासाठी आहे ते सूचीत लिहावे.

इथे मोठी फट आहे. सौर पॅनेल, पवनचक्क्या आणि पारेषण वाहिन्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, त्यामुळे त्यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. वनजमीन किंवा अभयारण्य प्रत्यक्ष ओलांडले नाही, तर असा नकाशा मागणारे बहुतेक वेळा कोणीच नसते. आंतरराष्ट्रीय कर्ज असेल तर सावकार संस्था आयएफसीच्या (जागतिक बँक समूहातील वित्तसंस्था) कार्यमानक ६ नुसार तो मागते. एरवी विकासकाने स्वतःहून करायचा. मराठवाड्यात आज ज्या ऊर्जेची वाढ सर्वाधिक आहे, तिच्याच बाबतीत नकाशा ऐच्छिक आहे, आणि तो ऐच्छिक राहू नये.

हद्द कुठून घ्यायची

इंटरनेटवर तयार मिळणारा हिरवा ठिपका किंवा बहुभुज ही हद्द नव्हे. अस्सल दस्तऐवज राजपत्रातली अधिसूचना. तिच्या परिशिष्टात चतुःसीमा, गावांची यादी, सर्व्हे किंवा गट क्रमांक, वनकक्ष (वनाचा क्रमांकित तुकडा) क्रमांक आणि क्षेत्र दिलेले असते. त्यावरून हद्द पुन्हा उभी करायची.

शोध नावापासूनच अडतो. १९८६ ची कागदपत्रे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या नावांनी आहेत. तालुक्यांची फेररचना झाल्याने गाव जुन्या तालुक्याखाली सापडते. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीत होता. त्यानंतर क्रमांकांची अडचण येते. अधिसूचनेत सर्व्हे नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. एकत्रीकरणाचा तक्ता मिळवल्याशिवाय दोन्हींची सांगड बसत नाही. निजामकाळातल्या जमिनींसाठी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक पाहावे लागते आणि त्याआधीच्या नोंदी उर्दूत असतात. वाचणारा माणूस सोबत घ्यावा; अंदाजाने लावलेला क्रमांक पुढे मोजणीत उघडा पडतो. गटांचे नकाशे महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर दिसतात, पण ते अक्षांश-रेखांशावर नेमके बसवलेले असतीलच असे नाही. शिवेचे दगड, ओढ्यांचे संगम, जुन्या विहिरी यांसारखे निदान चार-पाच कायमचे बिंदू धरून ते बसवावे लागतात. वादाच्या तुकड्यासाठी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडचे टिपण आणि फाळणी नकाशा काढावा.

वनकक्षांच्या हद्दी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाकडून मागाव्यात. अभयारण्य कोणत्या वन्यजीव विभागाकडे आहे ते आधी पाहावे. ज्या जिल्ह्यात जमीन, त्याच जिल्ह्यात कार्यालय असे नसते.

हद्द उभी झाली की तिचे क्षेत्र काढून अधिसूचनेतल्या आकड्याशी ताडावे. नायगावच्या २९.९० चौ. किमी.त एक टक्क्याचा फरक म्हणजे जवळजवळ ३० हेक्टर, म्हणजे ७४ एकर. एवढ्यात एखादा लहान सौर प्रकल्प मावतो. त्यामुळे एक-दोन टक्क्यांहून मोठा फरक आला तर पुढे न जाता कारण शोधावे. बहुधा एखादा गट सुटलेला असतो, किंवा अभयारण्याच्या पोटातली खासगी जमीन वगळायची राहिलेली असते.

जायकवाडीत वेगळाच प्रश्न येतो. नाथसागराची पूर्ण संचय पातळी ४६३.९०६ मीटर, म्हणजे जुन्या मापाने १५२२ फूट. धरण उथळ, काठ मंद उताराचा; मार्च-एप्रिलपर्यंत पाणी कित्येक ठिकाणी किलोमीटरभर आत सरकते आणि मोकळ्या गाळावर गाळपेरीची पिके उभी राहतात. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रावरून पाण्याची कड गिरवली तर अभयारण्य आक्रसते आणि गाळपेरीची जमीन बाहेरची शेती वाटू लागते. पक्षी नेमके याच उथळ कडेला उतरतात. म्हणून हद्द अधिसूचनेवरूनच घ्यावी. पूर्ण संचय पातळीची समोच्च (समान उंचीची) रेषा आणि पाटबंधारे खात्याचे संपादित जमिनीचे नकाशे पडताळणीला वापरावेत, आणि पावसाळ्यानंतरची व उन्हाळ्यातली अशा दोन्ही पाणकडा नकाशावर वेगळ्या दाखवाव्यात.

मोजणी

प्रकल्पाची बाजूही तितकीच काटेकोर हवी. वाहिनी म्हणजे एक बारीक रेघ नव्हे. १३२ केव्हीसाठी २७ मीटर, २२० केव्हीसाठी ३५ मीटर, ४०० केव्हीसाठी ४६ मीटर असा पट्टा धरतात. त्यात मनोऱ्यांचे रस्ते, तारा ओढण्याच्या जागा आणि उपकेंद्राची जमीन जोडावी लागते. पवनचक्कीच्या बाबतीत पात्यांच्या टोकापर्यंतचे वर्तुळ आणि सुटे भाग नेणाऱ्या लांब ट्रेलरसाठी रुंद केलेले रस्ते धरावेत. डोंगरकडेला झाडतोड होते ती बहुतेक या रस्त्यांमुळेच. अंतर कडेपासून कडेपर्यंत मोजावे. प्रकल्पाच्या मध्यबिंदूपासून मोजले तर पाच किलोमीटर पसरलेल्या पवनक्षेत्राचे टोक अभयारण्याला भिडलेले असूनही कागदावर अंतर दिसते.

जुन्या १:५०,००० टोपोशीट (भूसर्वेक्षणाचे नकाशे) एव्हरेस्ट मापनपद्धतीवर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवली तर हद्द शंभर मीटरच्या आसपास सरकते. पाचशे मीटरच्या संवेदनशील क्षेत्रात एवढे सरकणे परवडत नाही. पैठण ४७ एम या शीटमध्ये येते, कन्नड ४६ पी मध्ये, किनवट ५६ आय मध्ये.

पट्टे मीटरमधल्या प्रक्षेपणातच काढावेत. १९ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किमी., अक्षांशाचा एक अंश ११०.७ किमी.; अंशांत काढलेला पट्टा पूर्व-पश्चिम पाच टक्क्यांनी कमी पडतो. यूटीएम या मीटरमधल्या जागतिक प्रक्षेपणाचा ४३ वा विभाग ७८ रेखांशाला संपतो, आणि ही रेषा किनवट तालुक्यातून जाते. एकट्या किनवटसाठी ४३ वा विभागच थोडा पुढे ताणला तर चूक किलोमीटरमागे मीटरभर, ती चालून जाते. घात होतो तो मिसळण्याने: निम्मे बिंदू ४३ मध्ये आणि निम्मे ४४ मध्ये घेतले आणि वहीत विभाग क्रमांक लिहिला नाही, तर तोच बिंदू पूर्वांकात (पूर्व-पश्चिम निर्देशांकात) सव्वासहाशे किलोमीटरच्या फरकाने येतो. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक अंश-मिनिटांची आहे. अधिसूचनेतले १९ अंश ३० मिनिटे म्हणजे १९.५, ते १९.३० असे भरले की बिंदू २२ किमी. दक्षिणेला जातो आणि तरीही मराठवाड्यातच राहतो. केएमएल फाईलमध्ये (गूगल अर्थसारख्या प्रणालीत उघडणारी नकाशा-फाईल) रेखांश आधी आणि अक्षांश नंतर असतो, हेही लक्षात ठेवावे.

शेवटी जागेवर जावे. हद्दीचे खांब आणि बुरूज डीजीपीएसने (अधिक अचूक जीपीएसने) घ्यावेत, सोबत वनरक्षक असावा. हातातल्या साध्या जीपीएसची पाच-दहा मीटरची चूक पायवाटेला चालते, पण हद्दीला लागून उभ्या राहणाऱ्या मनोऱ्याला चालत नाही.

हद्दीबाहेरचे

सगळ्या हद्दी बिनचूक आल्या तरी नकाशा अर्धाच असतो, कारण मराठवाड्यातले वन्यजीवन या हद्दींत मावत नाही. लांडगा, काळवीट आणि चिंकारा माळरानावर आणि गायरानात राहतात. महसुली नोंदीत ही जमीन पडीक असते आणि म्हणूनच सौर प्रकल्पांना आधी दिली जाते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या गायरानांना मागणी आहे. प्रत्येक तुकडा लहान, कोणताही कसलीही मर्यादा ओलांडत नाही. पण कुंपण घातलेले दहा तुकडे एका माळावर आले की कळपाची वाट बंद होते. गायराने, गवताळ वनकक्ष आणि आधी मंजूर झालेले प्रकल्प एकाच नकाशावर दाखवल्याशिवाय हे कळत नाही.

वाघांचेही तसेच. यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये मराठवाड्यातल्या शेतशिवारांतून फिरत बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२४ च्या अखेरीस येडशी रामलिंगच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. २२ चौ. किमी.चे अभयारण्य त्याला मुक्कामाला पुरते, वावरायला नाही. ओढ्यांच्या झाडोऱ्याच्या आणि डोंगरकडेच्या पट्ट्या वेगळ्या रंगाने दाखवाव्यात.

नाथसागरावर थंडीत येणारे पट्टकदंब आणि कांड्या करकोचे रात्री पाण्याकाठी राहतात आणि चरायला हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतांत जातात. ही ये-जा भल्या पहाटे आणि अंधार पडता पडता होते. उंची कमी, उजेड मंद. जड अंगाच्या पक्ष्याला ऐनवेळी वळता येत नाही. वाहक तारा जाड असल्याने निदान दिसतात. सर्वांत वरची बारीक भूतार दिसत नाही आणि बहुतेक धडका तिलाच बसतात. वाहिनी अभयारण्यापासून सहा किलोमीटरवर असली तरी थवा आणि शेत यांच्या मधोमध असेल, तर कायदेशीर अंतर पक्ष्याच्या कामाचे नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे आणि संध्याकाळी ठरावीक ठिकाणी उभे राहून थव्यांची दिशा आणि अंदाजे उंची नोंदवावी, ते बाण नकाशावर काढावेत आणि वाहिनी जिथे बाण कापते त्या गाळ्यांना (दोन मनोऱ्यांमधल्या तारांना) पक्षी-वळवक लावण्याचे किंवा मार्ग बदलण्याचे काम मनोरा क्रमांकानिशी लिहावे. एप्रिल-मेमध्ये केलेल्या पाहणीत हे थवे दिसणारच नाहीत, कारण ते तेव्हा परतलेले असतात.

नाथसागरावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०२५ मध्ये प्रकल्पात हस्तक्षेप केला नाही. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांत मनाई, नियमन आणि प्रोत्साहन असे तीन गट असतात आणि अक्षय ऊर्जा सहसा प्रोत्साहनाच्या गटात असते. प्रकल्प हद्दीत आहे एवढे नकाशावर दिसून त्याचा निकाल लागत नाही. पॅनेल पाण्याच्या कोणत्या भागावर येतात, तिथली खोली किती, उथळ कड आणि मासेमारीच्या जागा किती उरतात, हे दाखवणारा नकाशाच अशा ठिकाणी उपयोगी पडतो.

प्रत्येक नकाशावर अधिसूचनेचा दिनांक, मापनपद्धती, प्रक्षेपण, माहिती कोणाकडून व केव्हा घेतली आणि जागेवर कोणते बिंदू तपासले, हे लिहिलेले असावे. जमीनमालकांच्या हरकतींमुळे वाहिनीचा मार्ग अर्जानंतरही बदलतो. असा एक मनोरा हलला तरी अंतरे पुन्हा मोजून नवी केएमएल आणि नवा नकाशा वन विभागाकडे द्यावा लागतो.