कंपनी दिल्लीत काय बोलते?

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरकडे नुसतं ‘कंपनी’ म्हटलं की सिमेंटचा कारखाना समजायचा. कंपनीकडून काय मागायचं, हेही ठरून गेलंय: पोरांना नोकरी, उन्हाळ्यात टँकर, शाळेला खोली. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, तेव्हापासून या मागण्यांना हक्काचं रूप आलं. त्या रास्तच आहेत. पण पाऊस आणि ऊन बिघडत चाललं असताना त्याच कंपनीने सरकारकडे काय मागितलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

सिमेंटचंच घ्या. शुद्ध चुनखडीचा 100 किलो दगड भट्टीत तापवला की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू कोळशाच्या धुरातला नव्हे, खुद्द दगडातला. कारखान्याच्या छतावर कितीही सौर पॅनल बसवा, तो निघणारच. सिमेंटच्या एकूण कार्बन उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा याचाच. तो घटवायचा साधा मार्ग म्हणजे भट्टीतून निघणारं क्लिंकर कमी वापरून त्याजागी राखड, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख, मिसळायची. राखडीला आपल्याकडे काय तोटा! चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं वीज केंद्र शेजारीच आहे. पण किती राखड चालेल, हे कारखानदार एकटा ठरवत नाही. राखड मिसळलेल्या सिमेंटसाठी (पोझोलाना सिमेंट) भारतीय मानकाने 15 ते 35 टक्के अशी हद्द घातली आहे, आणि मानकं ठरवणाऱ्या समित्यांवर उद्योगाचेही लोक बसतात. हवामान धोरण म्हणजे फक्त पंतप्रधानांचं परिषदेतलं भाषण नव्हे; ते अशा टक्क्यांमध्येही असतं.

दुसरी गोम ‘टनामागे’ या शब्दात आहे. केंद्राने 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना (लक्ष्याहून कमी वायू सोडणाऱ्याने ती बचत इतरांना विकायची) आणली आणि 2025 मध्ये सिमेंटसह काही उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्यं दिली. ती एकूण वायूवर नाहीत, एक टन मालामागे किती यावर आहेत. समजा, टनामागचा वायू 5 टक्के घटला आणि उत्पादन 20 टक्के वाढलं. लक्ष्य गाठलं, तरी एकूण वायू 14 टक्के वाढलाच! घरं-रस्ते बांधणाऱ्या देशाला सरसकट मर्यादा परवडत नाही, या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र लक्ष्य किती कडक आणि मुदत किती, यावर जी ओढाताण होते तिच्यात पऱ्हाटीवाला शेतकरी कुठेच नसतो. मसुदा राजपत्रात येतो, हरकतींना साधारण 60 दिवस मिळतात. उद्योगसंघटनांकडे तो वाचायला पगारी माणसं असतात.

या संघटनांमुळे दोन तोंडांनी बोलायची सोय होते. जाहिरातीत कंपनी हिरवी, आणि नियम सैल करा हे सांगायला संघटना. अमेरिकेत 2009 मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगसंघटनेच्या हवामानविषयक भूमिकेमुळे अ‍ॅपलने सभासदत्व सोडलं. आपल्याकडे असं क्वचितच कानावर येतं.

तरी एक कागद हाताशी आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सर्वांत मोठ्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यातलं सातवं तत्त्व नेमकं हेच सांगतं की सरकारी धोरणावर प्रभाव टाकताना कंपनीने जबाबदारीने आणि पारदर्शकपणे वागावं. कोणत्या उद्योगसंघटनांचे सभासद आहात, हे त्यात लिहावंच लागतं. कोणत्या धोरणाची बाजू मांडली, हा रकाना मात्र ऐच्छिक. तोच तर कामाचा!

खाणीची किंवा कारखान्याची वाढ निघाली की सहसा गावात जनसुनावणी होते. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार लोकांनी उपस्थित केलेले मुद्दे आणि त्यांवर कंपनीचं म्हणणं स्थानिक किंवा राज्यभाषेत लिहून इतिवृत्ताला जोडावं लागतं. नोकरी-टँकरच्या मुद्द्यांसोबत त्या ऐच्छिक रकान्याबद्दलही विचारता येतं.